आधी फट मोजावी

चि. निनाद यास,


पाऊस सरता सरता सायकलवर सामान लादून मुरूडहून मालवणला जायचा तुझा बेत ताईने कळवला. आगरदांडा–दिघी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी गाठत जाणारा हा रस्ता सुंदर आहे, पण त्यावर चढउतार, खड्डे आणि तांबडा चिखल यांना तोटा नाही. म्हणून टायर आणि मडगार्डबद्दल चार शब्द.

बहुतेक जण टायर आधी घेतात आणि मडगार्ड मागाहून बसेल तसं बसवतात. खरं तर दोन्हींचा विचार एकदमच करायला हवा, आणि तोही फ्रेमपासून. फोर्कमध्ये, मागच्या चाकापाशी आणि ब्रेकखाली किती फट आहे, ते पट्टीने मोजावं. रेसिंगच्या जुन्या सायकलीत ती इतकी कमी असते की जेमतेम २५ किंवा २८ मिमीचा टायर मावतो. मडगार्डला जागाच उरत नाही.

टायर घेताना इंचांवर जाऊ नये. टायरच्या अंगावर ३७-६२२ असा आकडा असतो: पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंची, दोन्ही ६२२च. युरोपीय कंपन्या त्यावर २८ इंच असंही छापतात. आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या सायकलीचा २८ × १½ टायर मात्र ६३५चा! हा १३ मिमीचा फरक कुठलाही मेकॅनिक ठोकून भरून काढू शकत नाही. गावातल्या दुकानात ६२२चा टायर मिळेलच असं नाही, त्यामुळे घडी होणारा एक जादा टायर सामानात हवाच.

ओझं लादलेल्या सायकलीला ३५ ते ४० मिमी रुंदी चांगली. रुंद टायरात हवा कमी ठेवता येते, हादरे कमी बसतात आणि खराब रस्त्यावर दमही कमी लागतो. हवेची मर्यादा टायरवरच छापलेली असते. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे हवा थोडी जास्त. डांबरावर खोल नक्षीची गरज नाही. सायकलचा टायर अरुंद आणि वेग बेताचा, त्यामुळे तो मोटारीसारखा पाण्यावर तरंगत नाही, हे अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राऊन सतत सांगत. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लससारख्या टायरात पंक्चर रोखणारा ५ मिमीचा रबरी थर असतो. असे टायर जड असतात, पण बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ते वजन सोसावं.

मडगार्ड टायरपेक्षा आठ-दहा मिमी रुंद हवं, म्हणजे ३७च्या टायरला ४५चं. दोहोंमध्ये सगळीकडे सेंटीमीटरभर फट ठेवावी. ती कमी पडली तर जांभ्याचा चिखल आत थापला जातो. त्याहून वाईट म्हणजे एखादी काटकी अडकून पुढचं चाक जाम होतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पुढचं मडगार्ड तारांना झटका बसताच सुटणाऱ्या क्लिपा असलेलंच घ्यावं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं. तिथे प्लास्टिकचं मडगार्ड आणि स्टेनलेसच्या तारा टिकतात. पुढच्या मडगार्डला खालपर्यंत येणारा रबरी पडदा असला की बूट आणि चेन चिखलापासून वाचतात. मागचा पडदा पाठीमागून येणाऱ्या सोबत्यासाठी!

हे सगळं निघायच्या आदल्या रात्री बसवू नकोस. दोन आठवडे आधी बसव, पूर्ण सामान लादून एक दिवस खडीच्या रस्त्यावर चालव आणि घरी आल्यावर मडगार्डचा प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळ.

तुझा,
मामा