कलेजीतला जंत आणि जनुकांची बटणे



मटणाच्या दुकानात कलेजी कापताना कधीकधी तिच्या नळ्यांतून पानासारखा चपटा जंत निघतो. अंगावर काटा येतो आणि लगेच प्रश्न पडतो, ‘आजवर खाल्लेल्या कलेजीतून हा आपल्या पोटात गेला असेल का?’

या जंताला यकृतकृमी किंवा लिव्हर फ्ल्यूक म्हणतात. आपल्याकडच्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत आढळणारी त्याची जात म्हणजे फॅसिओला जायगँटिका. त्याची अंडी शेणातून, लेंड्यांतून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगात वाढते, बाहेर पडते आणि पाण्यालगतच्या गवतावर कवच करून चिकटते. ते गवत खाणाऱ्या जनावराच्या आतड्यात कवच फुटते. अळी आतडे भेदून यकृतात शिरते आणि शेवटी पित्तनलिकेत मुक्काम करते. म्हणजे लागण होते ती दूषित पाणी आणि पाणवनस्पतींतून. नीट शिजवलेल्या कलेजीतून ती होत नाही. तरीही जंत लागलेली कलेजी घेऊ नये.

आता थोडे विज्ञान. आपल्या बहुतेक सर्व पेशींत जनुके तीच असतात. मग यकृताची पेशी वेगळी आणि डोळ्याची वेगळी कशी? कारण प्रत्येक पेशीत काही जनुकांची बटणे चालू असतात, काहींची बंद. जंत नेमका या बटणांशी खेळतो. तो काही द्रव्ये सोडतो आणि यजमानाच्या रोगप्रतिकारक पेशींचा कल बदलतो. इंटरफेरॉन गॅमासारखे लढाऊ संदेश देणारी जनुके मंदावतात, तर इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१० यांसारखे दाह आवरणारे किंवा वेगळ्या दिशेने नेणारे संदेश देणारी जनुके जोर धरतात. जंताला संरक्षण मिळते, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसरीकडे, जखमा भरण्यासाठी कोलॅजन बनवणारी जनुके चालूच राहतात. त्यातून यकृतात वण साठतात आणि पित्तनलिका नळीसारख्या कडक होतात.

याचे टोक थायलंडमध्ये दिसते. तिथल्या ईशान्य भागात कच्च्या माशाचे पदार्थ खाण्याची जुनी चाल आहे. त्यातून ऑपिस्थोर्किस नावाचा दुसरा यकृतकृमी माणसाला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरवले. हा जंत ग्रॅन्युलिनसारखे प्रथिन सोडतो आणि त्याने पित्तनलिकेच्या पेशी भराभर वाढतात. सततच्या दाहाने डीएनएला इजा होते. अशा गाठींत पेशींची राखण करणारे टीपी-५३ हे जनुक बिघडलेले आढळते, तसेच डीएनएवर मिथाइलच्या रासायनिक खुणा वाढून अनेक जनुके बंद पडलेली दिसतात. लागण झालेल्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, पण लागण वारंवार होत राहिली की धोका वाढतो. आपल्याकडच्या फॅसिओलामुळे कर्करोग होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

यातून एक मोठी गोष्ट शिकण्यासारखी आहे. जनुके जन्मासोबत येतात, पण त्यांचे काम पाणी, अन्न, जंत आणि परिस्थिती यांवरही अवलंबून असते. आजार म्हणजे नशिबाचा भोग नव्हे. त्याला कारण असते आणि कारण दूर करता येते, हेच तर तथागतांनी शिकवले.

म्हणून एवढे करूया :

• ओढ्या-तळ्याकाठची भाजी कच्ची खाऊ नये, शिजवूनच खावी. शिंगाड्याची साल दातांनी सोलू नये.
• साचलेले पाणी उकळूनच प्यावे.
• मासे पूर्ण शिजवावेत. लिंबू पिळल्याने मासा शिजत नाही. धम्मसहलीला थायलंडला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.
• गावाकडे शेळ्या असतील तर त्यांना पाणथळ जागी चारू नये. अशक्तपणा, जबड्याखाली सूज दिसली तर पशुवैद्यकाला दाखवावे. जनावरांचे औषध माणसाने कधीही घेऊ नये.
• ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, वजन घटणे, कावीळ अशी लक्षणे दिसली तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ससूनला जावे. रक्त, शौच आणि सोनोग्राफीच्या तपासणीतून निदानाला मदत होते. फॅसिओलावर ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध डॉक्टर देतात.

आपल्या वस्त्यांत आजही कावीळ ‘उतरवून’ घ्यायला माणसे जातात. गळ्यात माळ घालतात, ती लांब झाली की कावीळ उतरली म्हणतात. त्यात आठवडे निघून जातात आणि आत यकृत झिजत राहते. कावीळ हा आजार नाही, आजाराची खूण आहे. तिचे कारण तपासणीनेच कळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात माळेची वाट पाहत बसणे शोभत नाही. शेजारच्या घरात कुणी पिवळे दिसले, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जा. तीही करुणाच आहे.