सही करण्याआधी

सांगली,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. मुक्ता हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी मुलांच्या तालमीला निघाले होते, म्हणून बोलणं अर्धंच राहिलं. मालिका मिळाली, तीही मुख्य भूमिका! तुझ्या आजीच्या फोटोपुढे पेढा ठेवला. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, ‘आत्या, करार सगळ्यांचा असाच असतो, सोमवारी सही करून टाकते.’ ते ‘करून टाकते’ माझ्या मनातून जाईना.

तू आठवीत असताना आपण ‘गॉन विथ द विंड’ पाहिला होता, आठवतं? तुला स्कार्लेट आवडली होती, मला मेलनी. ती मेलनी म्हणजे ऑलिव्हिया डी हॅविलंड. पडद्यावर इतकी शांत, सोशिक, की हिनं कधी कुणाला ‘नाही’ म्हटलं असेल असं वाटू नये. तिची खरी गोष्ट मी तुला तेव्हाच सांगायला हवी होती.

जन्म १९१६ चा, टोकियोतला, आईवडील इंग्रज. तीन वर्षांची होण्याआधीच आईनं दोघी मुलींना कॅलिफोर्नियात आणलं. धाकटी जोन पुढे जोन फॉन्टेन म्हणून तितकीच मोठी नटी झाली. ऑलिव्हियाला शिक्षिका व्हायचं होतं. पण १९३४ साली दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टनं हॉलिवूड बोलमध्ये शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवलं, त्यात ही बदली नटीचीही बदली होती. दोघी पुढच्या निघून गेल्या आणि हर्मियाची भूमिका हिच्या वाट्याला आली. बदली म्हणून विंगेत उभं राहून पाठांतर करणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तिच्या आयुष्यातला हा तुकडा मला फार जवळचा वाटतो. त्यातूनच वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा करार आला. वय अठरा.

एरॉल फ्लिनबरोबर तिनं आठ चित्रपट केले. ‘कॅप्टन ब्लड’, ‘रॉबिन हूड’ फार चालले. पण बहुतेक वेळा हिनं करायचं काय, तर सुंदर दिसायचं आणि नायकाची वाट पाहायची. मेलनीसुद्धा तिला सहज मिळाली नाही. तो चित्रपट दुसऱ्या निर्मात्याचा, आणि तिच्या स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तिला सोडायला तयार नव्हता. तेव्हा तिनं त्याच्या बायकोला भेटून तिच्याकडे शब्द टाकला. त्या भूमिकेनं तिला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं. परत आली तर पुन्हा तीच कचकड्याची कामं. ती नाकारू लागली.

आता इथे नीट लक्ष दे. त्या काळी स्टुडिओशी सात वर्षांचा करार असे. नटानं भूमिका नाकारली की त्याला निलंबित करायचे, पगार बंद. इतकंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण जितके आठवडे निलंबन, तितके आठवडे कराराच्या शेवटाला जोडले जायचे. म्हणजे जो जास्त ‘नाही’ म्हणेल, तो जास्त दिवस बांधलेला. सावकाराच्या वहीसारखं. मुद्दल फिटत आलं असं वाटावं, तोवर व्याज पुढे उभं. तिच्या नंतरच्या नव्या कराराची सात वर्षं १९४३ मध्ये भरली तेव्हा स्टुडिओनं सांगितलं, अजून सुमारे सहा महिने आमचे निघतात.

बेटी डेव्हिस ही नटी याच स्टुडिओविरुद्ध १९३६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात हरली होती. (तो खटला आपल्याकडेही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.) तेव्हा सगळे ऑलिव्हियाला म्हणत असणार, गप काम कर. ती आधी वकिलाकडे गेली. मार्टिन गँग त्याचं नाव. त्यानं कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातलं एक कलम काढून दाखवलं: कुणाकडूनही वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे सक्तीनं पाळून घेता येणार नाही. प्रश्न एवढाच होता, की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची, की प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची? तिनं दावा लावला. वॉर्नरनं इतर स्टुडिओंना पत्रं धाडली, हिला काम देऊ नका म्हणून. जवळजवळ दोन वर्षं कॅमेऱ्यासमोर उभं राहता आलं नाही. युद्ध चालू होतं. त्या काळात ती लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांना भेटत फिरली. डिसेंबर १९४४ मध्ये अपिलातही निकाल तिच्या बाजूनं लागला: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. तो नियम तिथे आजही तिच्या नावानं ओळखला जातो.

मोकळी झाल्यावर तिनं काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘टू ईच हिज ओन’साठी ऑस्कर. ‘द स्नेक पिट’मध्ये मनोरुग्ण स्त्री करायची म्हणून ती मनोरुग्णालयांत जाऊन रुग्णांना जवळून पाहत राहिली. ‘द हेअरेस’ तर तिनं नाटक म्हणून पाहिलं आणि स्वतः दिग्दर्शक विल्यम वायलरकडे नेलं. त्यात प्रियकरानं फसवल्यावर ती बॅग घेऊन जिना चढते. बॅग रिकामी होती, चाल खरी वाटेना. वायलरनं बॅगेत जड पुस्तकं भरायला लावली. तो जिना पाहा, मुक्ता. खांदा कसा ओढला जातो ते पाहा. दुसरं ऑस्कर तिला त्या चित्रपटासाठी मिळालं. १०४ वर्षं जगली ती. २०२० मध्ये पॅरिसमध्ये वारली.

मी तुझ्याच वयाची असताना एका नाटक कंपनीला तीन वर्षं लिहून दिली होती. बाबांच्या आजारपणात माझे बावीस प्रयोग बुडाले. ते बावीस प्रयोग शेवटी भरून द्यायचे, तोवर दुसरीकडे उभं राहायचं नाही, असं कागदावर होतं. मी वाचलंच नव्हतं. पुढे कंपनीनं प्रयोगच लावले नाहीत, आणि माझं एक वर्ष घरी बसून गेलं. त्या वर्षी चालून आलेली भूमिका दुसरीनं केली, आणि फार चांगली केली.

कॅलिफोर्नियाचं ते कलम तुझ्या उपयोगाचं नाही. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात कामधंद्यावर बंधन घालणारी अट रद्द ठरवणारं कलम २७ आहे, पण करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट आपली कोर्टं बरेचदा मान्य करतात. त्यामुळे त्या भरवशावर सही करू नकोस. करार कधी संपतो ती तारीख कागदावर लिहिलेली आहे का ते पाहा. मालिका वाढली तर तुला विचारणार, की आपोआप वाढणार? आजारी पडलीस तर ते दिवस कुणाच्या खात्यात? शिफ्ट किती तासांची, पैसे किती दिवसांनी, आणि नाटकाला तारखा देता येतील का? विचारलं म्हणून भूमिका जाईल अशी भीती वाटेल. वाटू दे. गोड आवाजात विचार, पण विचार.

सोमवारची सही गुरुवारवर ढकल. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये, कराराची पूर्ण प्रत घेऊन, मागच्या बारीक अक्षरांच्या पानांसकट. कोल्हापूरच्या वकीलबाईंना मी रविवारी जेवायला बोलावलं आहे. रात्री ‘द हेअरेस’ लावू.

तुझी,
आत्या