रिपोर्ट आणि मटणाची पिशवी

डॉक्टर म्हणतात, "अंगात रक्त नाही, मटण-मासे खा." घरातली कॉलेजकन्या म्हणते, "आई, मिथेन!" दोघांचंही खरं आहे, म्हणूनच पंचाईत.

काय करावे

• आधी रक्त तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12. नुसत्या थकव्यावर दर रविवारी अर्धा किलो मटण, हा काही उपचार नव्हे.

• बी-12 डाळ-भाजीतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस, नाहीतर गोळी. गोळी घेण्यात कमीपणा कसला?

• जनावर बघून निवडा. शेळी-मेंढी रवंथ करते, तिच्या पोटातून पृथ्वी तापवणारा मिथेन निघतो. कोंबडीचं तसं नाही. किलोमागे मटणाचा हवामानावरचा भार चिकनच्या कितीतरी पट.

• मटणवाल्याकडे गेलातच, तर कलेजी मागा. लोह आणि बी-12 दोन्ही तिच्यात ठासून भरलेलं. पाव किलो आणा, कांदा-मिरीवर झटपट परता (जास्त शिजली की रबर होते), वर लिंबू पिळा. चौघांना पुरते. गरोदर बाईला मात्र नको. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं.

• किनाऱ्याजवळ राहत असाल तर तारली, बांगडा. थव्यानं मिळतात, म्हणून किलोमागे डिझेल कमी जळतं. ओमेगा-3 भरपूर, आणि सुरमईपेक्षा खिशालाही बरे.

काय टाळावे

• तळहातात मावणारं पापलेट. 2023 मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा केलं. 135 मिलिमीटरपेक्षा लहान पकडायला मनाई आहे. वाट्यावर दिसलं तर मावशींना सरळ सांगा, "हे नको."

• सॉसेज, सलामी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्येच प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलंय.

• जेवणावर लगेच चहा. त्यानं मेथी-मसुरातलं लोह नीट अंगी लागत नाही.

• बाळंतिणीच्या किंवा वाढत्या पोराच्या ताटातलं अंडं पृथ्वीच्या नावानं काढून घेणं. देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. काटकसर करायचीच तर बोकडाच्या पार्टीत करा, जिथं अर्धं ताटात उरतं.

• मटण सोडून रोज पनीर. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, आणि म्हैसही रवंथच करते.