लेकरू संस्थेतून घरी आणायचंय? फी शून्य, खर्च हेलपाट्यांचा

बालगृहातलं लेकरू घरी आणायला एक रुपयाही फी नाही. कुणी मागितली तर देऊ नका. आदेश देते हिंगोलीची बाल कल्याण समिती, बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 40 खाली. अर्ज साध्या कागदावर चालतो. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि मुलांना मोफत देतं. प्रतिज्ञापत्र मागितलं तर बॉण्ड घेण्याआधी तो लागतो का, ते विचारा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे.

पैसा जातो एसटीत आणि बुडालेल्या रोजात. वसमतहून किंवा सेनगावहून दोघं आले की दोघांचा रोज गेला. एकानं भागत असेल तर आईनं यावं, बाईला अर्धं तिकीट आहे. निघण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन करून समिती बसणार आहे का, कोणते कागद लागतील, हे विचारून घ्या. नंबर नसेल तर 1098 लावा.

सगळ्यात महाग पडतं ते दाराचं कुलूप. सामाजिक कार्यकर्त्या गृहभेटीला येतात आणि घरचे उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. अहवाल अडतो, लेकराचा आणखी एक हंगाम संस्थेत जातो. म्हणून अर्ज दसऱ्याआधी द्या. जाणं भागच असेल तर कारखान्याचं नाव, मुकादमाचा आणि गावातल्या आजीचा किंवा चुलत्याचा नंबर लिहून द्या. घर पत्र्याचं आहे म्हणून संकोचू नका. कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय आहे. लेकरू कुणाजवळ राहणार, शाळा कोणती, ज्या कारणानं ते संस्थेत गेलं ते मिटलं का, हे पाहतात. लेकरालाही विचारतात. ते ‘नको’ म्हणालं तर रागावू नका, का म्हणतंय ते ऐकून घ्या.

घरी आल्यावरच्या खर्चाचा अर्जही त्याच वेळी करा. एकच पालक असेल, पालक नसतील किंवा दुर्धर आजारी असतील, तर बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात 4,000. त्यासाठी खेड्यात वार्षिक उत्पन्न 72,000 च्या आत, शहरात 96,000 च्या आत हवं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक खातं आधीच तयार ठेवा. पहिला हप्ता लगेच येईल या भरवशावर उसनवारी मात्र करू नका.

समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.