गाडी धुवायची ती खालून

गाडी स्वच्छ ठेवण्याने खरोखर काही फरक पडतो का, या प्रश्नाचे घाटावरचे उत्तर वेगळे आणि सिंधुदुर्गातल्या वालावलचे वेगळे. घाटावरच्या कोरड्या हवेत धुळीने माखलेली गाडी महिनाभर तशीच उभी राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. मळ तिथे मुख्यतः दिसण्याचा प्रश्न आहे. कर्ली नदीच्या काठी, खाडीच्या वाऱ्यात, माडांच्या सावलीत उभ्या असलेल्या गाडीवरचा मळ मात्र पत्रा खातो. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो: आपल्याकडे गाडीची स्वच्छता हा देखभालीचाच भाग आहे, ऑइल बदलण्याइतका, आणि ती आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी करतो. रोज सकाळी फडक्याने बॉनेट आणि काचा पुसणारे गावोगाव दिसतात. चाकावरच्या कमानीत, दरवाजाखालच्या पट्टीत, डिकीच्या तळात हात घालणारे फार थोडे. गंज धरतो तो तिथूनच.

याचे कारण नीट समजून घ्यायला हवे, नाहीतर पुढचा सगळा सल्ला निव्वळ हौशीचा वाटेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटते तेव्हा त्याचे बारीक तुषार हवेत उडतात आणि दुपारचे खारे वारे ते आत घेऊन येतात. किनारा मागे पडला की हे प्रमाण झपाट्याने घटते, आणि देवबाग-तारकर्लीच्या मानाने वालावल बरेच आत आहे, हे खरे. पण वालावलची गाडी वालावलमध्येच उभी नसते. ती मालवणला मासळीला जाते, पाहुण्यांना घेऊन भोगव्याला जाते, तारकर्लीच्या वाळूला टेकून उभी राहते. शिवाय भरतीचे पाणी खाडीवाटे आत येतेच. या मिठाचा वाईट गुण असा की ते हवेतली ओल ओढून घेते. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरते. म्हणजे पावसाचा थेंब नसलेल्या मे महिन्यातही पत्र्यावरचे मिठाचे पुट रात्रभर ओलेच राहते. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात; पाणी खारे असले की ती क्रिया कितीतरी वेगाने होते, कारण क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर टिकू देत नाही. तमिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आहे. देशात कुठल्या हवेत धातू किती गंजतो याचे नकाशे तिने तयार केले आहेत, आणि त्यांत किनाऱ्याचे प्रदेश वेगळे उठून दिसतात.

त्यावर आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आपली माती तांबडी. जांभा दगडाला जो रंग आहे तो लोहाच्या ऑक्साइडचा, आणि गंजही लोहाचेच ऑक्साइड. त्यामुळे चिरेखाणीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या खाली पाहिले तर माती कुठे संपते आणि गंज कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळत नाही. काळ्या मातीच्या मुलखात तांबूस डाग लगेच ओळखू येतो. इथे तो मातीत लपतो. ही माती स्वतः पत्रा खात नाही, पण कमानीच्या आतल्या कडेला तिचा थर बसला की तो ओल्या पोतेऱ्यासारखा काम करतो: बाहेरून वाळलेला दिसतो, आतून दमट. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि आपल्याला वरून बारीकसा फोड दिसतो. तो दिसेपर्यंत आतला पत्रा बऱ्याचदा कागदाएवढा पातळ झालेला असतो. मग गॅरेजवाला स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि तो आरपार जातो. “पत्रा सडलाय” हे वाक्य ऐकायची वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर तळाचा चिखल काढणे हा एकच स्वस्त उपाय आहे. चिखल निघाला तरच खाली काय चालले आहे ते दिसते, आणि माझ्या मते धुण्याचा निम्मा फायदा या दिसण्यातच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आपल्याकडे पाऊस एवढा पडतो की गाडी धुवायला लागतेच कशाला? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तो टपावरचे, बॉनेटवरचे मीठ धुऊन नेतो, यात शंका नाही. पण पाऊस वरून पडतो. गाडीच्या पोटाला तो लागत नाही. तिथे पोचते ते चाकांनी उडवलेले गढूळ पाणी. समुद्रकाठच्या हवेत उघड्यावरच्या पोलादापेक्षा आडोशाखालचे पोलाद अनेकदा जास्त गंजते, हे गंजाचा अभ्यास करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे, कारण आडोशाखाली मीठ साचते आणि त्याला धुणारे कोणी नसते. म्हणूनच मांगरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावली की ती सुरक्षित झाली, ही समजूत अर्धीच खरी आहे. रंग उन्हापासून वाचतो, इतकेच. मीठ आणि चिखल घेऊन आत गेलेली गाडी, जिथे वारा खेळत नाही अशा दमट जागी, जास्त लवकर खराब होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आजच्या गाड्यांचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, कंपनी गंजाची हमीही देते, मग ही काळजी जुन्या काळाची नाही का? पत्रे सुधारले आहेत, हे मान्यच करावे लागेल. पण जस्ताचा मुलामा काम करतो तो स्वतः झिजून, आणि खाऱ्या ओलीत तो लवकर झिजतो. खडी उडून रंगाला टवका गेला की तिथून सुरुवात होते. शिवाय गाडी म्हणजे फक्त वरचा पत्रा नव्हे. खालचे नटबोल्ट, सस्पेन्शनचे हात, सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या यांना ते संरक्षण तितके मिळत नाही, आणि जीव अवलंबून असतो तो त्यांच्यावर. अमेरिकेतले उदाहरण इथे लागू पडते. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ब्रेकच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारींवरून तिथल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जनरल मोटर्सच्या जुन्या मोठ्या गाड्यांची चौकशी केली. एप्रिल २०१५ मध्ये ती बंद करताना गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. मालकांना सांगितले गेले ते असे की हिवाळाभर गाडीचा तळ नियमित धुवा आणि नळ्या तपासून घ्या. म्हणजे सरकारी यंत्रणेने धुण्याला सुरक्षेचा उपाय मानले. टोरांटो किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नवे नाही. थंडीत तळ धुऊन घ्यायला ते पैसे मोजतात. त्यांना मीठ वर्षातले काही महिने सोसावे लागते, आपल्या किनाऱ्याला ते बारा महिने आहे.

मीठ फक्त वाऱ्यानेच येते असेही नाही. बांगड्यांचा थर्माकोलचा खोका बर्फासकट डिकीत ठेवला जातो, वळणावर तो कलंडतो, आणि वितळलेले खारट पाणी चटईखाली उतरून स्टेपनीच्या खळग्यात साचते. वास दोन दिवसांत जातो, पाणी जात नाही. वरून चटई कोरडी लागते म्हणून कोणी ती उचलत नाही, आणि खालचा पत्रा पहिल्यांदा दिसतो तो टायर पंक्चर झाल्यावर. मासळी आणलीत तर त्याच दिवशी चटई आणि स्टेपनी दोन्ही बाहेर काढा, गोड्या पाण्याने फडके मारा आणि डिकी उघडी ठेवून वाळू द्या. खोक्याखाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवलात तर हेही करावे लागणार नाही. झाडाखाली लावलेल्या गाडीची गोष्ट त्या मानाने सोपी. आंब्याचा चीक फळाच्या सालीवर डाग पाडतो म्हणून हापूस देठासकट काढतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी नूतन झेला बनवला. तोच चीक रंगावर वाळला की डाग कायमचा होतो. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर बसतो, पक्ष्यांची विष्ठा तर उन्हात काही तासांतच रंगाला चटका देते. हे डाग दिसता क्षणी ओल्या फडक्याने भिजवून काढावेत, रविवारची वाट पाहू नये. काचेखाली, वायपरच्या जाळीत अडकलेला पालाही पावसाआधी हाताने काढा. ती वाट तुंबली की पाणी गाडीच्या आत येते आणि जुलैत सीटवर बुरशी धरते.

आता तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत योग्य वाटतो: एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात, माणसांना आणि बागेला पाणी पुरत नाही, तेव्हा गाडी धुणे शोभते का? रोज नळी लावून टप धुणे नक्कीच शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. उन्हाळ्यात वरची धूळ तशीच राहिली तरी चालेल. उलट कोरडी धूळ फडक्याने घासली की जांभ्याचे कण रंगावर ओरखडे पाडतात, त्यापेक्षा न पुसलेली गाडी बरी. जे थोडे पाणी आहे ते खाली वापरा. समुद्रावरून आल्यावर चारही कमानी आणि दरवाजाखालच्या पट्ट्या यांवर दोन बादल्या गोडे पाणी जोराने मारले तरी बरेचसे मीठ जाते. फक्त अर्धवट भिजवू नका. नुसते ओले करून सोडलेले मीठ सांध्यांत शिरते आणि अधिक त्रास देते. पाणी गोडेच हवे. खाडीकाठच्या ज्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो, त्यांच्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे मीठ काढून मीठ लावणे. कर्लीच्या काठावर गाडी नेऊन धुण्याचाही तोच परिणाम, शिवाय तेल आणि साबण नदीत जातात. वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिराशेजारच्या तलावाच्या बाबतीत तर हा विचारही मनात येऊ नये.

वर्षातून दोनदा मात्र पैसे खर्च करून वॉशिंग सेंटरवर गाडी उचलून तळ नीट धुऊन घ्यावा: एकदा मिरगाच्या आधी, एकदा दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर. धुतल्यावर लगेच घरी आणून लावू नका, दहा-पंधरा मिनिटे चालवा म्हणजे ब्रेक आणि सांधे वाळतील. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघण्यासाठी बारीक भोके असतात. ती काडीने मोकळी आहेत ना ते पाहा. गंजरोधक कोटिंग मारायचे असेल तर पूर्ण कोरड्या, स्वच्छ तळावरच मारून घ्या. चिखलावर किंवा मिठावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडून ठेवते आणि नुकसान झाकते, ते न मारलेले परवडले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. इंजिन धडधाकट असूनही तळ सडल्यामुळे गाडी तिथवर पोचत नाही, ही आपल्या किनाऱ्यावरची खरी हानी आहे. गाडी विकताना येणाऱ्या किमतीची चर्चा त्यापुढे किरकोळ.

चतुर्थीला मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्यांना एक विनंती. गौरी-गणपती झाले, भोगवे-तारकर्ली झाली, की परतीच्या आधी कुडाळला तासभर थांबून गाडीचा तळ धुऊन घ्या. तसेच निघून ती सोसायटीच्या तळघरात लावलीत, तर किनाऱ्याचे मीठ दिवाळीपर्यंत तिच्या पोटाला चिकटून राहील.