अंगणातील वृक्ष पालटताना

गेल्या काही महिन्यांत सभासद-कुटुंबांपैकी तिघाचौघांनी आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. घरापुढे एक झाड उभे आहे; त्यास ना रूप, ना फूल, ना फळ. ते काढून त्या जागी देवपूजेस उपयोगी पडेल असे फुलझाड लावावे काय, आणि लावावयाचे तर कोणते? प्रश्न वरवर बागकामाचा दिसतो. तथापि त्यात एक धर्मविचारही दडलेला आहे, आणि आमच्या स्वतःच्या अंगणात तो आम्हांस सोडवावा लागला असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहो.

प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या दारी जे झाड आहे ते कोनोकार्पस होय. आपल्या वडोदऱ्यात, किंबहुना साऱ्या गुजराथेत, गेल्या दोन तपांत हे झाड रस्त्यांच्या दुभाजकांवर, शाळांच्या कुंपणांशी आणि नव्या वसाहतींच्या फाटकांपाशी लावले गेले. पाणी थोडे लागते, गुरे तोंड लावीत नाहीत, आणि दोन-तीन पावसाळ्यांत हिरवी भिंत उभी राहते, एवढ्या तीन गुणांवर ते सर्वत्र पसरले. त्याच्या एका जातीचे मूळस्थान अमेरिकेचे व पश्चिम आफ्रिकेचे खाजणकिनारे, तर दुसरीचे सोमालिया व येमेन हा रुक्ष प्रदेश. गंमत अशी की कुळाने हे झाड आपल्या अर्जुन, हिरडा, बेहडा यांचा चुलतभाऊ आहे. कुंपणावर चढणारी मधुमालतीही त्याच कुळातील. परंतु घराण्याचे गुण प्रत्येकात उतरतातच असे नाही. याची फुले म्हणजे हिरवट रंगाचे बारीक गोंडे. ती फुले आहेत हे सांगितल्यावाचून कळत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात राज्याच्या वनविभागाने या झाडाच्या लागवडीस बंदी केली. थंडीच्या दिवसांत त्याचा पराग हवेत पसरून सर्दी, खोकला, दमा असे विकार बळावतात, आणि मुळे खोल जाऊन गटारे, पाण्याच्या नळ्या व तारांची जाळी यांस इजा करतात, अशी कारणे त्या वेळी देण्यात आली. पहिल्या कारणाविषयी आम्ही वैद्य नसल्याने बोलत नाही. दुसऱ्याचा अनुभव मात्र आम्हांस २०२१ मध्येच आला होता. मोरीचे पाणी तुंबले म्हणून फरशी उखडली, तेव्हा नळीच्या सांध्यातून आत शिरलेल्या मुळांचा वेणीसारखा पेड हातभर लांब निघाला.

आता आमच्या अंगणाची हकीकत. तीत आमचाच दोष अधिक आहे, म्हणून ती सांगणे उचित. वाड्याच्या फाटकाशी आजोबांच्या हातचा एक प्राजक्त होता. २००९ मध्ये मोटार आत यावी म्हणून फाटक रुंद केले आणि तो प्राजक्त तोडला. मातोश्रींनी त्या दिवशी फारसे काही म्हटले नाही. नंतर उजव्या हातास ओसाड दिसते म्हणून आम्ही रोपवाटिकेतून एक कोनोकार्पस आणून लावला. तेरा वर्षांत तो माडीच्या वर गेला. त्याची सावली दाट होती यात शंका नाही. पण देवघरासाठी फुले विकत येऊ लागली, आणि पहाटे परडी घेऊन अंगणात जाण्याचा मातोश्रींचा पन्नास वर्षांचा परिपाठ मोडला.

मोरीचा प्रकार झाल्यावर आम्ही ठरविले की हे झाड आता काढावे. आम्हांस वाटले होते की सर्वांत अधिक आनंद मातोश्रींना होईल. त्या म्हणाल्या, "अरे, तूच आणलंस, तूच पाणी घातलंस. रूप नाही म्हणून आता कापायचं? पहिल्या वेळी तरी कुठे विचारलं होतंस झाडाला!" आम्ही निरुत्तर झालो.

मातोश्रींनी कालिदास वाचलेला नाही. परंतु त्यांच्या बोलण्यातील विचार 'कुमारसंभवा'च्या दुसऱ्या सर्गात भेटतो. तारकासुराने गांजलेले देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि त्याच्या संहाराची याचना करतात. ब्रह्मदेव उत्तर देतात की ज्याला मीच वर देऊन वाढविले त्याचा नाश माझ्याच हातून होणे योग्य नव्हे. आणि दृष्टांत देतात तो स्वतः वाढविलेल्या झाडाचाच, मग ते झाड विषारी का असेना. अनेक जण येथेच थांबतात आणि 'लावलेले झाड कधीही तोडू नये' असा अर्थ घेऊन मोकळे होतात. पण ब्रह्मदेव तेथे थांबलेले नाहीत. तारक असाच राहो, असे ते म्हणत नाहीत. शिवाचा पुत्र जन्मास येऊ द्या, तो हे कार्य करील, असा मार्ग ते देवांस दाखवितात. म्हणजे आधी नव्याचा जन्म, त्याचे पोषण, आणि मग जुन्याचा अंत. साऱ्या काव्याची उभारणीच या क्रमावर झालेली आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे अंगणातील झाडालाही हाच क्रम लागू पडतो. २००९ मध्ये आम्ही आधी तोडले व मग विचार केला. या खेपेस उलट करावयाचे ठरविले.

कोणते झाड आणावयाचे याविषयी घरात बरीच चर्चा झाली. गुलमोहर मुलांनी सुचविला. तो मूळचा मादागास्करचा. वैशाखात त्याच्यासारखी शोभा दुसऱ्याची नाही. परंतु मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, आणि वादळी पावसात फांदी छपरावर यावयाची. मोठ्या मैदानात तो शोभतो, घरापुढे नव्हे. सोनचाफा सर्वांस प्रिय. मात्र बियांपासून केलेल्या रोपास फुले येण्यास सात-आठ वर्षे सहज जातात, कलम लवकर फुलते, आणि दोन्ही अखेर मोठे वृक्ष होतात. बकुळ सदाहरित, फूल सुकले तरी वास टिकणारे. पण वाढ मंद. ज्यांचे वय लहान व अंगण मोठे त्यांनी बकुळ अवश्य लावावी. बहावा खरोखर देखणा, पण त्याची फुले पाहण्याची; नित्यपूजेत त्यांचा उपयोग आपल्याकडे नाही. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेले तामण ज्यांच्याकडे ओल पुष्कळ आहे त्यांस मानवते.

शेवटी प्राजक्तच ठरला. तो दहा-बारा फुटांत आटोपतो, मुळे घर पोखरीत नाहीत, दोन-तीन वर्षांत फुलतो. शिवाय भूमीवर पडलेले फूल देवास वाहू नये, या नियमास लोकाचाराने ज्याचा अपवाद केला तो हाच. ज्यांना फांदीपर्यंत हात नेववत नाही अशा वृद्धांसाठीच जणू ही सवलत आहे.

या झाडाच्या नावाचा थोडा घोटाळा आहे, तोही येथे पाहू. पुराणातील पारिजात श्रीकृष्णाने इंद्राकडून आणून सत्यभामेच्या उद्यानात लावला, ही कथा भागवताच्या दशम स्कंधात व विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात आहे. त्याची फुले भिंतीपलीकडे रुक्मिणीच्या अंगणात पडत, हा भाग लोककथेने रंगविला. आपण तो वृक्ष म्हणजे प्राजक्तच असे धरून चालतो. परंतु संस्कृत कोशांत पारिजात हा शब्द पांगाऱ्यासही लावलेला आढळतो आणि प्राजक्ताचे जुने नाव शेफालिका असे आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे तर प्रचंड गोरखचिंचेलाच पारिजात मानतात. यात कोण खरे हा वाद पंडितांनी करावा. शेफालिकेचा सुगंध त्यामुळे उणा होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ज्यांनी आम्हांस प्रश्न विचारला त्यांनी ती नीट लक्षात घ्यावी. प्राजक्त हे फूल सुंदर आहे. झाड सुंदर नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात त्याने याला दुःखी वृक्ष म्हटले आहे, आणि सूर्याने अव्हेरलेल्या एका कन्येच्या राखेतून ते उगवले म्हणून दिवसा फूल ठेवीत नाही, ही येथील लोकांची कथाही नोंदविली आहे. लिनियसने शास्त्रीय नाव देताना तोच अर्थ कायम ठेवला. माध्यान्ही पाहिले तर पाने खरखरीत, फांद्या चौकोनी व वेड्यावाकड्या, आणि चैत्र-वैशाखात तर पाने गळून सारे झाड खराट्यासारखे दिसते. कधी खोडावर केसाळ सुरवंटही येतात. बहावा व पांढरा चाफा यांचीही वर्षातील काही महिने हीच अवस्था. ज्याला बारा महिने हिरवे, नीटस, केर न करणारे झाड हवे असेल त्याच्या दृष्टीने कोनोकार्पस हेच आदर्श झाड आहे. आणि म्हणूनच तर आम्ही सर्वांनी ते लावले! फुलझाड आणणाऱ्याने त्याच्या कुरूप महिन्यांसही घरात जागा द्यावयास हवी. ती तयारी नसेल तर चार वर्षांनी तो पुन्हा कुऱ्हाड शोधील.

रोप कोठून आणावे याची चिंता पडली नाही. आजोबांच्या प्राजक्ताचे बी कधीतरी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या परसात पडून तेथे एक झाड आपोआप वाढले होते. आमचे तुटले, त्यांचे राहिले. रुक्मिणीच्या अंगणाची कथा अशी आमच्या वाट्यास आली. २०२२ च्या पावसाळ्यात त्या झाडाखालील वीतभर रोप आणून जुन्या पिंपाच्या तळास भोके पाडून त्यात लावले. कोनोकार्पसच्या मुळांशी स्पर्धा नको म्हणून जमिनीत लावले नाही. ऊन सहा तास मिळेल अशा ठिकाणी पिंप ठेवले. दोन वर्षांत रोप छातीइतके झाले.

जुने झाड काढण्याचे काम आम्ही २०२४ च्या माघात केले. त्याआधी महानगरपालिकेकडून लेखी परवानगी घेतली. आपल्या आवारातील झाड ही आपली खासगी बाब, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा होय. आपले आप्त जेथे आहेत त्या प्रांतांतही असे निर्बंध आहेत: कर्नाटकात १९७६ चा, गोव्यात १९८४ चा व तेलंगणात २००२ चा कायदा पाहावा लागतो. दुसरे असे की झाडावर घरटे आहे काय हे वर चढून पाहावे. यावर पक्षी बसत नाहीत असे सर्रास बोलले जाते. आमच्या झाडात बुलबुलाचे एक घरटे निघाले. ते रिकामे होते, म्हणून काम पुढे चालविले. तिसरे, कोनोकार्पस नुसता कापून भागत नाही. बुंध्यापासून तो पुन्हा जोमाने फुटतो. बुंधा मुळांसह खणून काढावा लागला. त्यास दोन माणसांचे तीन दिवस लागले, आणि तोडण्यापेक्षा खणण्याचा खर्च अधिक आला.

खड्डा दोन महिने उन्हात तापू दिला. आपल्याकडील काळी माती पावसात पाणी धरून ठेवते व प्राजक्ताची मुळे कुजतात, यास्तव तळाशी विटांचे तुकडे व वाळू घातली, मातीत शेणखत मिसळले, आणि रोप जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर बसविले. भिंतीपासून आठ फूट अंतर ठेवले. आषाढात पिंपातून काढून लावले. फुलांचा हंगाम संपल्यावर फाल्गुनात फांद्या थोड्या छाटाव्या. फुले नव्या फुटीवर येतात.

नुकसान झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. पश्चिमेकडील खोली उन्हाळ्यात तापते. तेरा वर्षांची सावली दोन वर्षांत भरून येत नसते. तिकडे तूर्त बांबूचा पडदा सोडला आहे. येणारेजाणारे विचारतात की एवढे हिरवेगार झाड काढून ही काटकी का लावली. उत्तर देण्याचे काम मातोश्रींनी आपल्याकडे घेतले आहे. आश्विनात पहिल्या पहाटे तेवीस फुले पडली, ती त्यांनीच मोजली. अकरा आपल्या देवघरात, अकरा येथे मंदिरात, आणि एक त्यांनी भिंतीपलीकडे शेजारीणबाईंच्या हाती दिले.

त्या फुलांमागून आलेली चपटी बोंडे आम्ही जपून ठेवली होती. प्रत्येकात दोन बिया असतात. त्यांची रोपे केली असून सध्या नऊ रोपे देण्याजोगी आहेत. ज्या सभासदांस हवी असतील त्यांनी मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी मंदिराच्या कचेरीत नाव नोंदवावे, आणि रोप नेण्यास येताना आपल्या अंगणात दुपारी ऊन कोठवर येते हे पाहून यावे.