ई-नामच्या लिलावात सोयाबीनची पहिली विक्री

पीक पिकविणे हे जसे कसबाचे काम आहे, तसेच ते विकणे हेही कसबाचेच काम आहे. चार महिन्यांच्या कष्टांचे मोल बाजाराच्या आवारात अवघ्या काही मिनिटांत ठरते. पूर्वी अनेक बाजारांत दलाल व खरेदीदार रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवीत आणि मालाचा धनी मात्र बाजूस उभा राहून पाहत असे. ही स्थिती सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा कृषि उत्पन्न पणन कायदा आला. याच सुधारणेचा अलीकडील टप्पा म्हणजे राष्ट्रीय कृषि बाजार, अर्थात ई-नाम होय. १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांत त्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रातील अनेक बाजार समित्या आता त्यास जोडलेल्या आहेत.

या पद्धतीत व्यापारी ढिगाभोवती जमून बोली बोलत नाहीत. संगणकावर अथवा मोबाइलवर आपापला भाव नोंदवितात. जो व्यापारी त्याच आवारात आहे तो माल पाहू शकतो. परंतु जो दूर आहे त्याच्यासमोर फक्त मालाच्या तपासणीचे आकडे असतात. म्हणून या लिलावात विक्रेत्याचे खरे काम बोली सुरू होण्यापूर्वीच व्हावयास हवे. सोयाबीनचे उदाहरण घेऊन हे काम कसे करावे ते पुढे दिले आहे.

नोंदणी

शेतकऱ्याची नोंदणी ई-नामच्या संकेतस्थळावर, मोबाइल ॲपवर किंवा बाजार समितीच्या कार्यालयात करता येते. ती निःशुल्क आहे. ओळखपत्र, बँकेच्या पासबुकाची प्रत व मोबाइल क्रमांक जवळ असावा. खाते व मोबाइल हे दोन्ही विक्रेत्याच्या स्वतःच्या नावाचे असणे हिताचे असते; कारण भावाची सूचना त्या मोबाइलवर येते व पैसे त्या खात्यात जमा होतात. खाते क्रमांकातील एका अंकाची चूकही रक्कम अडकविण्यास पुरेशी असते. मोबाइलवर येणारा गुप्त क्रमांक कोणासही, अगदी परिचित अडत्यासही, सांगू नये. नोंदणी हंगामापूर्वी उरकावी. गाडी फाटकावर उभी असताना कागद शोधीत बसू नये.

माल तयार करणे

भिजलेला व कोरडा, जुना व नवा, भिन्न वाणांचा माल एकत्र करू नये. एका लॉटमध्ये एकसारखाच माल असावा. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल व तळाशी हलका माल भरण्याची युक्ती येथे निरुपयोगी ठरते. वजनाच्या वेळी नमुना व माल यांत फरक आढळला तर सौदा मोडतो, आणि तोवर दिवस मावळलेला असतो. माल चाळून माती, खडे, काडीकचरा व फुटके दाणे काढून टाकावेत. हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांपर्यंत व काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत असावा, असे प्रमाण आहे. खुल्या लिलावातही हे प्रमाण नजरेसमोर ठेवणे उपयुक्त असते.

ओलाव्याचा हिशेब

वाळविल्याने वजन घटते. म्हणून ओला मालच विकून टाकावा, असे अनेकांस वाटते. हा प्रश्न हिशेबाने सोडवावा. १६ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये १६ किलो पाणी व ८४ किलो कोरडा माल असतो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविला तर वजन सुमारे ९५.५ किलो भरते. समजा, ओल्या मालास क्विंटलला ४,००० रुपये भाव मिळत आहे. तर वाळविलेल्या मालास सुमारे ४,१९० रुपये भाव मिळाल्यास रक्कम तेवढीच येते. भाव ४,४०० रुपये मिळाल्यास त्याच मालाचे सुमारे ४,२०० रुपये होतात. त्यातून वाळविण्याची मजुरी वजा करून उरेल तो नफा समजावा. उलटपक्षी, तोच माल ९ टक्क्यांपर्यंत वाळविल्यास वजन सुमारे ९२.३ किलोंवर येते. १२ टक्क्यांच्या खाली वाळविल्याने भाव वाढत नसेल, तर ही घट विनाकारण सोसावी लागते. म्हणून वाळवणही मोजूनच करावे.

आवक नोंद व तपासणी

फाटकावर मालाची नोंद होऊन लॉट क्रमांक मिळतो. ॲपवरून ही नोंद आगाऊही करता येते. नाव, पीक, पोत्यांची संख्या व अंदाजे वजन तेथेच पडताळून पाहावे. त्यानंतर तपासणीसाठी नमुना घेतला जातो. तो एकाच पोत्यातून न घेता अनेक पोत्यांतून, वरून, मधून व खालून घेतला जाईल, याकडे विक्रेत्याने स्वतः लक्ष द्यावे. ओलाव्याचा आकडा यंत्रावर डोळ्यांनी पाहावा. आकडा चुकीचा वाटल्यास लिलाव सुरू होण्यापूर्वीच फेरतपासणीची विनंती करावी. बोली लागल्यानंतरची तक्रार फारशी उपयोगी पडत नाही.

भाव स्वीकारणे वा नाकारणे

घरून निघण्यापूर्वी आसपासच्या बाजारांतील भाव पाहून आपला किमान भाव कागदावर लिहून ठेवावा. तो ठरविताना वाहतूक, बारदाना, हमाली व तोलाई हे खर्च धरावेत. लिलावाची वेळ संपल्यावर सर्वांत वरचा भाव विक्रेत्यास कळतो. तो पसंत नसल्यास नाकारण्याचा त्यास अधिकार आहे. मात्र नकार कोणत्या मुदतीत कळवावयाचा व माल रात्री कोठे ठेवावयाचा, हे कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

नाकारण्याचे बळ गरजू माणसाजवळ सहसा नसते, हे खरे आहे. त्यासाठीच राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तीत भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. देणेकऱ्याची निकड तारणातून भागली म्हणजे भावाची वाट पाहता येते. तथापि भाव वाढेलच अशी खात्री नसते, हेही विसरू नये.

वजन, हिशेबपट्टी व रक्कम

सौदा ठरल्यावर वजन स्वतःसमोर करून घ्यावे व काटापट्टी मागून घ्यावी. हिशेबपट्टीत वजन, भाव व प्रत्येक कपात वेगवेगळी लिहिलेली असावी. न समजलेल्या कपातीचे कारण तेथेच विचारावे. खात्यात रक्कम जमा होईपर्यंत सर्व कागद जपून ठेवावेत.

अपेक्षा किती ठेवावी

दूरच्या राज्यातील व्यापारी पहिल्याच दिवशी बोली लावील, अशी आशा धरू नये. बहुतांश सौदे आजही त्याच बाजारातील व्यापाऱ्यांमध्ये होतात. पाच-सहा पोती माल असलेल्या शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनीमार्फत एकसारखा माल एकत्र केल्यास मोठा लॉट होतो व बाहेरील खरेदीदारास तो घेणे परवडते. प्रथम थोडा माल विकून पद्धत समजून घ्यावी, हिशेबपट्टी घरी नीट वाचावी आणि मग उरलेला माल बाजारात न्यावा. यंत्र भाव नोंदविते. परंतु माल निवडक करणे, नमुना खरा देणे व किमान भावावर ठाम राहणे ही कामे विक्रेत्याचीच आहेत.